विहिरीतला ट्रंपेट

आमच्या मालाडच्या वाडीतल्या कोरड्या विहिरीत एके काळी भूत राहायचं. ते भूत म्हणजे मी.

एकोणीसशे पंचावन्नचा सुमार. मी मॅट्रिकच्या वर्गात. आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या मते, सभ्य घरातल्या मुलीनं पेटीवर अभंग वाजवावेत. मला वेड ट्रंपेटचं! माझी मैत्रीण फिलू पलीकडच्या ख्रिस्ती गावठाणातली, तिचे बाबा पास्कूकाका लग्नात बाजा वाजवायचे. त्यांचा जुना ट्रंपेट घेऊन मी भर दुपारी विहिरीत उतरायचे. (निम्म्या पायऱ्या शाबूत होत्या, उरलेल्या देवाच्या भरवशावर!) आत वाजवलेलं बाहेर ऐकू जात नाही, अशी आपली माझी समजूत. शेजारच्या गोदाकाकू काठावर नारळ ठेवायला लागल्या. खोबरं मी आणि फिलू खायचो.

मग ताईचं लग्न ठरलं. बाजा अर्थातच पास्कूकाकांचा. आणि ऐन लग्नादिवशी पाहते तर दाढदुखीनं काकांचा गाल टम्म सुजलेला!

"बाय, माझ्यानं फुंकवत नाय गं," ते कण्हत म्हणाले.

इकडे मंगलाष्टकं संपत आलेली. अंतरपाट दूर होताना बाजा वाजला नाही, तर ताईला सासरी जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. तिच्या सासूबाई तर आधीपासूनच नाक मुरडून बसल्या होत्या.

अंतरपाट सरला.

"वाजवा रे, वाजवा!" भटजी ओरडले.

नुसता ढोल. ढम्म! परत ढम्म! ताईचे डोळे भरून आले आणि माझं डोकंच फिरलं. मी काकांच्या हातातून ट्रंपेट ओढला आणि जीव खाऊन फुंकला. धून मला एकच येत होती, गावठाणातल्या नाचाची!

"अगं बाई, हे तर विहिरीतलं भूत!" गोदाकाकू किंचाळल्या.

"बंद कर ते, कार्टे!" अण्णा गरजले.

"बंद का म्हणून? वाजव गं पोरी, झकास वाजवतेस!"

हे कोण, तर ताईच्या सासूबाई! पदर खोचून, चक्क ठेका धरून उभ्या! मग काय, अख्खं वऱ्हाड नाचलं. ताई रडता रडता हसत होती आणि मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

अण्णांनी कपाळाला हात लावला. "आता हिला कोण करून घेणार?"

त्यांचं खरं झालं. त्या मांडवातून मला एकही स्थळ आलं नाही. लग्नात वाजवायच्या सुपाऱ्या मात्र पुढच्या वैशाखापर्यंतच्या आल्या!