खडूच्या रंगाचं दार

माझ्या लहानपणी आमच्या घराला दार नव्हतं, कारण घरच नव्हतं. वडील मेंढरांमागं फिरायचे. मेंढरं बसतील तिथं आमचं पाल. माझं लग्नही कवठे येमाईला एका लांबच्या मामाच्या अंगणात लागलं आणि ते अंगण दिल्याचं त्यानं मला पुढं वीस वर्षं ऐकवलं. पाडलेल्या घरांची जुनी दारं-खिडक्या घेऊन विकायच्या धंद्यावर मी शिरूरला घर बांधलं, तेव्हाच ठरवलं होतं, मुलीचं लग्न आपल्या दारात लावायचं.

घरातलं एकेक दार मी घासाघीस करून आणलेलं. आतल्या खोलीचं तेवढं साधं, सपाट, प्लायवूडचं. गिऱ्हाईक मिळालं नाही म्हणून घरात बसवलं होतं. दौंडच्या स्थळाची पसंती आली आणि बालवाडीत शिकवणाऱ्या माझ्या मुलीनं रंगीत खडूंचे तुकडे खलबत्त्यात कुटले, डिंकाच्या पाण्यात कालवले आणि ते दार रंगवायला घेतलं. लग्नात देवक त्याच खोलीत बसणार होतं.

"ऑईलपेंट आणून देतो," मी म्हणालो. "ह्यो डिंकाचा रंग. ओला फडका लागला की गेला."

"ऑईलपेंट चमकतो, आप्पा. हा बघा, कसा लोकरीसारखा दिसतोय."

खाली गुलाबी, निळी, पिवळी मेंढरं. वर झेंडूचं तोरण. तोरणाखाली तिनं एक पांढरी पट्टी मोकळी ठेवली होती, दोघांची नावं लिहायला. लग्नाची बोलणी ठरून यादी झाल्याशिवाय नाव घालायचं नाही, असं तिच्या आईनं बजावलं होतं.

यादीला मुलगा स्वतः आला होता, कुरकुंभच्या कारखान्यातली रात्रपाळी करून तसाच. आम्ही ओसरीवर बोलणी करत होतो आणि तो पाणी प्यायला म्हणून आत गेला. मला ऐकू येत होतं.

"हा टक्कर मारायला निघालेला काळा एडका कोण?"

"ते आमचे आप्पा."

दोघंही हसली. मलाही हसू आलं, पण बोलणी चालू असताना मी हसत नाही.

मानपान, जेवण, वाजंत्री, सगळं मी माझ्या म्हणण्यावर आणलं. मग मुलाचा मामा म्हणाला, "आता एक आमचं ऐका पाव्हणं. लगीन दौंडला, आमच्या दारात. घरातलं शेवटचं कार्य हाय."

"न्हाई. लगीन हितंच."

"आवो, समदं तुमचंच झालं की. एवढं एक तरी आमचं ऱ्हाऊ द्या."

माझं डोकं फिरलं. "तुमचं दार मी बघितलंय. तसलं मी भंगारात बी घेत न्हाई."

मामानं कप खाली ठेवला. "मग तुमचं दार तुम्हालाच ऱ्हाऊ द्या," म्हणाला आणि उठला. मुलगा आतून आला, माझ्याकडं बघितलं आणि त्याच्यामागं निघाला.

मुलीच्या बापानं आपलं दार मागितलं यात काय चुकलं, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. त्या दिवशी मात्र राग निघाला तो मुलीवर. "पुसून टाक ते!" मी ओरडलो. तिनं पुसलं नाही. रोज शाळेतून आली की दाराची धूळ तेवढी कोरड्या फडक्यानं झटकायची. बारा दिवस मी ते बघितलं. तेराव्या दिवशी दौंडची एसटी धरली.

मामानं बसायला टाकलं, चहा दिला. मी म्हणालो, "लगीन तुमच्या दारात. तुम्ही म्हणाल तसं."

तो खाली बघत म्हणाला, "परवाच सुपारी फुटली, पाव्हणं. दुसरीकडं जमलं पोराचं."

तो भांडला असता तर मला काहीतरी करता आलं असतं. त्यानं आणखी अर्धा कप चहा ओतला. मी तो प्यायलो.

घरी आलो तर मुलगी दारासमोर बादली घेऊन बसलेली. कुणीतरी माझ्याआधी येऊन दौंडची बातमी सांगून गेलं होतं. मेंढरं निम्मी गेली होती.

"ऱ्हाऊ दे गं," मी म्हणालो. "चांगलं दिसतंय."

"तुम्हीच म्हणाला होता पुसून टाक."

"बारा दिवस पुसलं न्हाईस की."

"बारा दिवस वाटत होतं तुम्ही जाल." तिनं फडका पिळला. "पहिल्याच दिवशी जाल असं वाटलं होतं."

तिची आई चुलीपुढून उठली नाही.

तोरणापर्यंत तिचा हात पोचेना. तिनं माझ्या दुकानातलं एक पाय आखूड असलेलं, तीन पायांवर उभं राहणारं स्टूल ओढून आणलं, वर चढली आणि म्हणाली, "धरा आप्पा, हलतंय."

मी खाली बसलो आणि स्टूल दोन्ही हातांनी धरलं. वरून झेंडूचं पिवळं पाणी त्या मोकळ्या पट्टीवरून खाली आलं, एडक्यावरून ओघळलं आणि माझ्या मनगटावर टपकायला लागलं. पुसायला हात मोकळा नव्हता.