गिरणीतली देवी

हातानं रंगवलेली जुनी चित्रं दिसली की माझा पाय तिथंच अडकतो. त्यातही गावोगावच्या पेहरावांची चित्रं म्हणजे जीव की प्राण. छपाई काळ्या शाईत, आणि रंग मात्र कुणीतरी कुंचल्यानं एकेका प्रतीवर भरलेले. पुण्या-मुंबईची दुकानं मी पालथी घातली, पण आमच्या डोंगरातली बाई त्यांत कधी सापडली नाही.

ती सापडली अवसरी बुद्रुकला, पिठाच्या गिरणीत! आईची बाजरी दळायची म्हणून आम्ही थांबलो होतो. भिंतीवर देवांच्या तसबिरी, आणि त्यांतली एक खाली उतरवून ठेवलेली. मी काचेवरचं पीठ बोटानं पुसलं आणि ओरडलेच. लुगड्याचा हिरवा रंग रेघेच्या जरा बाहेर आलेला. हातानंच भरलेला!

"जुनी देवी हाय ती," गिरणीवाल्या वहिनी म्हणाल्या. "पार रंग उडालाय. उद्या नदीत सोडायची."

मी तसबीर उचलून घेतली. "मला द्या ना!"

"देवी अशी कुणाला देत्यात व्हय? ती पाण्यातच सोडायची असती."

"पण ही देवी नाही हो, पेहरावाचं चित्र आहे!"

"न्हाई कशी? हातात शस्त्र हाय, डोक्यामागं प्रभावळ हाय."

फिकी पिवळी प्रभावळ मलाही दिसत होतीच. मी चित्र आईच्या हातात दिलं. तिचं माहेर भीमाशंकरकडच्या डोंगरात, सगळं लहानपण भातखाचरात गेलेलं. तिनं ते डोळ्यांजवळ नेलं आणि ती हसतच सुटली.

"अवो, कसली प्रभावळ! इरलं हाय ते, पानांचं. पावसात शेतात वाकायचं तर आमी डोक्यावरनं पाठीवर घ्यायचो. रंगवणाऱ्यानं पिवळं करून ठिवलंय. आन् शस्त्र कसलं, इळा हाय तो!"

एवढ्यावर न थांबता तिनं पदर खोचला आणि गिरणीतच वाकून दाखवलं. वहिनी एकदा चित्राकडं बघत, एकदा आईकडं.

"अगं बया, खरंच की!"

मला तर नाचावंसं वाटलं. वाचली बाई! मी घाईघाईनं पिशवी उघडून धरली. वहिनींनी तसबीर पदरानं लख्ख पुसली, आणि स्टुलावर चढून ती पुन्हा खिळ्याला अडकवली.

"अहो वहिनी, देवी नाही म्हटल्यावर मला द्यायला काय हरकत आहे?"

"देवीचं काय, बाजारातनं दुसरी आणता येती," त्या वरूनच म्हणाल्या. "ही बाई दुसरी कुठनं आणू?"

मला इतका राग आला आणि इतका आनंद झाला, की दळण तिथंच राहिलं.