बांधून ठेवलेली दांडी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात बिभीषण एकतीस वर्षांपासून कामाला आहे. पहिली पंधरा वर्षे त्याने माग चालवला; पुढे जॉबर झाला, म्हणजे अडलेला माग चालता करून देणारा कारागीर. माढ्याकडच्या खेड्यातून तो एकोणिसाव्या वर्षी इकडे आला, तेव्हा दहावीत इतिहासाच्या पेपरने त्याचा घात केलेला होता. त्याच विषयाचा पाठलाग करत तो पन्नाशीत मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत पोचला, याचे श्रेय तो मुलीला, राजनंदिनीला देतो. अर्ज तिनेच भरला होता. मात्र तिसऱ्या वर्षाने त्याला दोनदा मागे ढकलले होते, आणि या खेपेला जमले नाही तर पुस्तके रद्दीत जातील, असे त्याने घरात सांगून टाकले होते. तो बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस असल्यामुळे राजनंदिनी धास्तावली होती.

अशा वेळी त्याचा इतिहासाचा गृहपाठ परत आला. तिसऱ्या वर्षात आता एवढ्याचेच गुण यायचे राहिले होते. प्रश्न होता: ‘सारायेव्हो येथील हत्या हे पहिल्या महायुद्धाचे कारण मानता येईल काय?’ अभ्यासकेंद्रात रविवारी शिकवणाऱ्या उत्कर्षा मॅडम वयाने राजनंदिनीहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी शांतपणे सांगितले, की उत्तरात चूक काही नाही, पण ते गाइडमधले आहे आणि वर्गातल्या आणखी सहा जणांनी तेच लिहिले आहे. कारण आणि निमित्त यांत फरक असतो, हे वाक्य त्यांना पाठ म्हणून नको होते. तो फरक त्याला स्वतःला कुठे दिसला, ते हवे होते. मुदत पुढच्या रविवारपर्यंत होती. त्यानंतर गुण पाठवायचे असल्याने त्यांचाही नाइलाज होता.

आठवडाभर बिभीषणच्या डोक्यात तारखा फिरत राहिल्या. अठ्ठावीस जूनला एकोणीस वर्षांच्या एका तरुणाने ऑस्ट्रियाच्या युवराजाला आणि त्याच्या पत्नीला गोळ्या घातल्या. त्यानंतर जवळजवळ महिनाभर युरोपात लोक सहलीला जात होते. मग ऑस्ट्रियाने सर्बियाला अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली, आणि चार ऑगस्टपर्यंत खंडातल्या बहुतेक बड्या सत्ता युद्धात ओढल्या गेल्या होत्या. दोन माणसे मेली, आणि लाखो माणसे मरायला निघाली. मधल्या सदतीस दिवसांत नेमके काय झाले, हे त्याला कळत होते आणि कळत नव्हते.

गुरुवारी दुपारी सात नंबरचा माग अचानक थांबला. बिभीषण सवयीने तिकडे गेला. मागावर ताणून बसवलेल्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पोलादी पट्टी लटकत असते. धागा तुटला की तिचा आधार जातो, ती खाली पडते, खालच्या दांडीत अडकते आणि माग जागच्या जागी उभा राहतो. त्याने धागा जोडला, पट्टी वर घेतली, माग चालू केला. पुरते अर्धे मिनिट लागले नसेल. असे दिवसातून शंभरदा होते. त्या दिवशी मात्र तो तिथून हलला नाही. मागाकडे पाहत उभा राहिला, आणि इतकी वर्षे कोणापाशी न काढलेली एक गोष्ट त्याला घामासारखी फुटून आली.

तो नवा होता तेव्हाची ती गोष्ट. शेजारच्या मागावरचा बसू त्याला रोज टोमणा मारायचा, की माढ्याचा गडी मागावर नांगर धरल्यासारखा उभा राहतो. बसूपेक्षा जास्त कापड काढून दाखवायचे, या ईर्षेने बिभीषणने एका सकाळी थांबवणारी दांडी तारेच्या तुकड्याने बांधून टाकली. आता पट्टी पडली तरी माग थांबणार नव्हता. वर त्याने धाग्यांचा ताणही वाढवून ठेवला. दोन तास माग सुसाट चालला. मग कुठला तरी एक धागा तुटला. तो शेजारच्या धाग्यांत गुंतला, त्या गुंत्यात आडवा धागा नेणारा धावता धोटा अडकला, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच साडेचारशे धागे तुटून त्यांची लक्तरे झाली.

मालक धावत आले. असा गडी ठेवायचा नाही, म्हणाले. पोराला काढले तर आम्हीही माग बंद करतो, असे उलट बसूनेच सुनावले. टोमणे मारणे वेगळे आणि पोटावर पाय देणे वेगळे, असा त्याचा हिशेब होता. मालकांनी कारखान्याला कुलूप लावायची भाषा केली. शब्दाला शब्द चढत गेला. तेवढ्यात अक्कलकोटकडचे वयस्क जॉबर सिद्धप्पा मागाखाली वाकले, बराच वेळ तिथे राहिले, आणि हात पुसत बाहेर येऊन म्हणाले, की दांडी झिजलेली होती, तपासायला तेच चुकले. मालकांनी त्यांना चार लोकांत नको ते ऐकवले. सिद्धप्पांनी मान खाली घालून ऐकून घेतले. पुढचे दोन दिवस त्यांनी बिभीषणला शेजारी बसवून साडेचारशे धागे एकेक करून जोडले. तारेविषयी त्यांनी कधी विचारले नाही, आणि गोंधळात ती गळून पडली असावी, अशी बिभीषणने स्वतःची समजूत घातली.

उत्तर खरे लिहायचे तर हे लिहावे लागणार होते, आणि सिद्धप्पांच्या कानावर घातल्याशिवाय ते लिहिणे त्याला चोरी वाटत होते. शनिवारी सकाळी तो शुक्रवार पेठेत त्यांच्या मुलाच्या घरी गेला. सिद्धप्पा आता ऐंशीच्या घरात आहेत; बिभीषणला ते अजून ‘तम्मा’, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात. बिभीषणने कागद वाचून दाखवला. ‘दांडी मी बांधली होती’ हे वाक्य त्याने दोनदा वाचले.

सिद्धप्पांनी सुपारी गालात सरकवली. “तम्मा, ती तार मीच सोडून खिशात घातली की. त्याबिगर येवडा वेळ खाली काय करत हुतो मी?”

इतक्या वर्षांनी बिभीषणने विचारले, की मामा, तेव्हा बोलला का नाहीत?

“बोललो असतो तर तू गेला असतास, बसू गेला असता, कारखाना बसला असता. एक धागा तुटलाय, तेवडाच तुटू द्यायचा.” मग कागदाकडे बोट करून त्यांनी विचारले, “तुज्या त्या लढाईत मदी वाकणारं कुणीच नव्हतं व्हय?”

बिभीषण घरी जाऊन पुन्हा लिहायला बसला.

रविवारी उत्कर्षा मॅडमनी ती सहा पाने त्याच्यासमोर वाचली. मध्ये एकदा मागे जाऊन पुन्हा वाचली. हत्येने धागा तुटला; युती-करारांनी ताण आधीच वाढवलेला होता; मध्यस्थीचे प्रस्ताव आले, म्हणजे पट्ट्या पडल्याही, पण सैन्य हलवण्याची वेळापत्रके अशी आखलेली होती, की थांबणे म्हणजे हरणे असे प्रत्येकाला वाटे. दांड्या बांधलेल्या होत्या. मांडणी त्यांना पटली, पण त्यांनी एक शंका काढली. यंत्राची उपमा दिली की युद्ध आपोआप झाल्यासारखे वाटते, आणि मग कोणीच जबाबदार उरत नाही.

बिभीषण म्हणाला, “दांडी बांदणारा बी माणूसच हुता, मॅडम. मीच हुतो. आन् सोडणारा बी माणूसच हुता.”

त्यांनी पेन उचलले आणि ते वाक्य शेवटी लिहून द्यायला सांगितले. मग संदर्भसूचीवर नजर टाकली. दोन पुस्तकांखाली तिसरी नोंद होती: ‘सिद्धप्पा, निवृत्त जॉबर, मुलाखत.’ मुलाखतीला तारीख आणि स्थळ लागते, एवढी एकच दुरुस्ती त्यांनी सुचवली. त्याने ती तिथेच केली. त्यांनी गुण मांडून सही केली. तो उत्तीर्ण होता.

राजनंदिनीला फोन करून तो सायकलने थेट शुक्रवार पेठेत गेला. सिद्धप्पांना कानडी वाचता येते, मराठी अक्षरे नीट लागत नाहीत. त्यांनी शेवटचे पान मांडीवर घेतले आणि आपले नाव कुठे आहे ते विचारले. बिभीषणने त्यांचे बोट धरून त्या ओळीवर नेऊन ठेवले.