किती वेळा ऐकू आलं?

परग्रहावरच्या घड्याळावर संसार करणारा अख्ख्या पृथ्वीवर एकच माणूस असेल, आणि तो नेमका माझा थोरला साडू असावा, याला मी नशीब म्हणतो. बदलापूरला कात्रपमध्ये राहतात. अंबरनाथच्या एका फॅक्टरीत अधिकारी होते. ती बंद पडल्यावर त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी योगासनं, गुडघे नाहीतर सोसायटीचं राजकारण यांत मन रमवलं. साडूंनी क्लिंगॉन शिकायला घेतली. ही भाषा पृथ्वीवर कुणाचीच मातृभाषा नाही. एका परदेशी मालिकेत कपाळावर वळकट्या असलेले लढवय्ये परग्रहवासी आहेत, त्यांच्यासाठी कुणीतरी बसून बनवलेली, घशातून खरवडून काढायची आणि शक्यतो ओरडूनच बोलायची अशी ही भाषा. फोनवर धडे ऐकून साडू वर्षभरात ती फाडफाड बोलू लागले. समोर बोलायला कुणी नव्हतं, पण तेवढ्यासाठी ते कधी अडून राहिले नाहीत.

या भाषेत म्हणे 'नमस्कार' नाही. माणूस भेटला की 'नुकनेख' म्हणायचं, म्हणजे 'काय पाहिजे?' दारात येणाऱ्या प्रत्येकाला साडू हे विचारू लागले, आणि अडाण्यांच्या सोयीसाठी लगेच मराठीतूनही. वर्गणीवाले त्यामुळे परस्पर गळाले, हा एक फायदा. पण माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि मी होणाऱ्या व्याह्यांना घेऊन त्यांच्याकडे गेलो, तेव्हा दार उघडून हा गृहस्थ गरजला, "काय पाहिजे?" व्याही पेढ्यांचा पुडा छातीशी धरून दोन पायऱ्या खाली उतरले. त्यांना परत वर आणताना माझा घाम निघाला.

मात्र साडूंचा खरा जीव जडला तो वेळ सांगण्याच्या पद्धतीवर. 'किती वाजले?' असं क्लिंगॉन लोक विचारत नाहीत. ते विचारतात, 'अर्लोघ खोय्लूपू?' म्हणजे 'किती वेळा ऐकू आलं?' सात वाजले असतील तर उत्तर, 'सात वेळा ऐकू आलं.' लष्करी कामाला वेगळी पद्धत आहे, संध्याकाळच्या सातला 'एकोणीस शंभर तास' म्हणायची, पण ती साडूंना कोरडी वाटे. "बघा," त्यांनी मला एकदा जेवताना हात वाळेपर्यंत सांगितलं, "आपण म्हणतो, वाजले. कुणी ऐकलं की नाही, आपल्याला काय त्याचं? हे लोक ऐकणाऱ्याचा विचार करतात. अहो, ऐकलंच नाही कुणी, तर वाजून उपयोग काय?" सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याची वेळ कळवायचं काम तेव्हा त्यांच्याकडे होतं. 'आज पाणी सहा वेळा ऐकू आल्यावर' असा निरोप त्यांनी टाकला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बादली घेऊन नळाला कान लावून बसल्या. दुसऱ्या दिवशी ते काम काढून घेण्यात आलं.

मग उल्हासनगरच्या एका जुन्या सामानाच्या दुकानातून ठोके देणारं लाकडी घड्याळ आणलं. मी बरोबर होतो. आत शिरताच साडू दुकानदारावर ओरडले, "काय पाहिजे?" तो म्हातारा सिंधी खो खो हसला. "अरे साईं, ये तो मेरा डायलॉग है!" घड्याळ हॉलमध्ये लागलं आणि बाकीची सगळी उतरली. मनगटावरची पेटीत गेली, फोन बेडरूममधल्या कपाटावर गेले. वेळ बघायची नसते, ऐकायची असते, असा घरात कायदा झाला.

हा कायदा कुणासाठी होता, ते मला बायकोने सांगितलं. तिच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवतीला, ऐकू कमी येऊ लागलं होतं. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ताई मानी. कानाच्या डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायची, "तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता. कानात यंत्र घालून फिरायला मी काय म्हातारी झाले?" क्लिंगॉन ही ओरडायचीच भाषा असल्यामुळे साडूंना ताईशी मोठ्याने बोलायला निमित्त मिळालं. ती भाषा आधी आली की ताईचे कान आधी गेले, हे मला सांगता येणार नाही, पण दोघांचं जमलं झकास. ठोके पडले की साडू हॉलमधून गर्जना करत, "अर्लोघ खोय्लूपू?" ताई स्वयंपाकघरातून आकडा सांगे. शेजाऱ्यांना वाटे, यांचं दर तासाला भांडण होतं.

आकडा चुकू लागला तेव्हा साडू काय करत, हे माझ्या मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी उघडकीला आलं. जावयाला ओवाळायचा मान मावशी म्हणून ताईचा होता. त्यासाठी तिने नवी पैठणी घेतली होती. अंबरनाथ पूर्वेच्या हॉलमध्ये मुहूर्ताची वेळ झाली, ताईचा पत्ता नाही. फोन कपाटावर वाजत असणार. शेवटी शेजारच्या वहिनींनी ओवाळलं. अंगठ्या झाल्या, फोटो झाले, पंगतीत जिलबी फिरत होती, तेव्हा रिक्षातून हे दोघं उतरले.

"ताई, तासभर उशीर!" माझी बायको रडवेली झाली.

"उशीर कसला? निघताना घड्याळ बघून निघाले मी!" ताईने साडूंकडे वळून विचारलं, "अहो, सांगा ना, बरोबर होतं ना घड्याळ?"

साडू बुटांकडे बघत म्हणाले, "सकाळी नऊ ठोके पडले. कुकर चालू होता. तू आठ म्हणालीस. मग मी काटा आठवर आणला. नंतर पुढे करायचा राहून गेला."

लोक हसले. ताई हसली नाही. "किती दिवस करताय हे?"

"दिवाळीपासून."

"का?"

"तुला आठ वेळा ऐकू आलं ना? मग आठच वाजले."

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. माझ्या मुलीच्या साखरपुड्याचा विचका केला होता त्याने. पण मी उगाचच जिलबी कुणाला हवी का विचारत पंगतीत फिरलो.

पुढच्या आठवड्यात ताई आपणहून उल्हासनगरच्या डॉक्टरकडे गेली. यंत्र बसलं. पहिल्याच दिवशी साडूंनी सवयीने गर्जना केली आणि आतून उत्तर आलं, "सात! आणि एवढं ओरडू नका, ऐकू येतं मला." तेव्हापासून साडू हळू बोलायला लागले, आणि क्लिंगॉन हळू बोलता येत नाही. घरातली आरडाओरड थांबली, शेजारी खूश झाले. मला मात्र ते दार उघडून नुसतं "या, बसा" म्हणाले की चुकल्यासारखं होतं.

परवा संध्याकाळी गेलो होतो. घड्याळाचे ठोके पडले. साडू पेपर वाचत होते, मान वर केली नाही. स्वयंपाकघरात ताईने हात पुसले, कानातलं यंत्र काढून ओट्यावर डब्याशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "अहो, विचारलं नाहीत आज."

साडूंनी पेपर बाजूला टाकला, छाती भरून घेतली आणि खिडकीच्या काचा हादरतील अशी गर्जना केली.

"पाच!" ताई म्हणाली.

"बरोबर!" साडू म्हणाले, आणि काटा मागे घ्यायला उठले.

माझ्या मनगटावर सहा वाजले होते. मी हात खिशात घातला.