देवक विचारायला गेलो तेव्हा

माझ्या वडिलांच्या घराण्याचे देवक कोणते, हे तिशी जवळ येईपर्यंत मला ठाऊक नव्हते आणि त्याची खंतही कधी वाटली नव्हती. लग्नाच्या वेळी ज्या झाडाची डहाळी मांडवात आणून पुजतात ते देवक. ज्यांचे देवक एक ती माणसे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही, एवढे मी इतरांच्या लग्नांत बसून ऐकले होते. मला स्वतःला कुणी विचारण्याचा प्रसंग आला नव्हता. सगळ्याच गोष्टी माझ्या वाट्याला उशिरा आल्या, हे लिहिणेसुद्धा.

मी साताऱ्यात मामांच्या घरी वाढलो. मामांची लाकडाची वखार होती. वडील पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे गेले आणि तिकडेच पडले. आई मानमोडीच्या साथीत गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही. वडिलांचे गाव पलूसच्या पलीकडे कृष्णेकाठी आहे आणि तिथे चुलते असतात, एवढेच माझ्या कानावर होते. त्याहून अधिक विचारले की मामा एक वाक्य बोलत आणि उठून वखारीत जात. “टाकली त्यांनी माझ्या बहिणीला,” हे ते वाक्य. पुढे मी विचारणे सोडले. मामींनी मला काही उणे केले नाही. जेवताना भाकरी आधी माझ्या ताटात पडे, मग त्यांच्या मुलांच्या. आधी पाहुण्याला वाढतात, हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षे जावी लागली.

शिक्षण संपवून मी साताऱ्यातच एका शाळेत शिक्षक झालो. वर्गात बोलायला मला अडचण पडत नसे. वर्गाबाहेर मात्र शब्द ओठांशी येऊन थांबत. त्यामुळे लग्नाचे लांबत गेले. अखेर बेचाळीसनंतरच्या त्या अस्वस्थ वर्षांत मामांनी उंब्रजकडचे एक स्थळ काढले. मुलीचे वडील पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, उसाची शेती असलेले गृहस्थ होते. मुलगी पाहायला गेलो तेव्हा मी मान वर केलीच नाही. पानाचे तबक धरलेला हात दिसला, आणि जाताना जोडवी नसलेली मोकळी पावले. दारामागून तिची भावजय म्हणाली, “पाव्हणं बोलत्यात का न्हाई? का समदं शाळंतच बोलून संपीवत्यात?” त्यावर ती मुलगी हसली. चेष्टा माझी होती, पण त्या हसण्यात मला हिणवणे जाणवले नाही. त्यानंतर कित्येक दिवस वर्गात मुले पाढे म्हणत असताना मला ते हसू आठवे.

बोलणी जवळपास पुरी झाली होती. सुपारी फोडण्याआधी सुभेदारांनी विचारले, “आमचं देवक कळंब. तुमचं?”

मामा क्षणभर अडखळले. “पंचपालवी असंल, पाच झाडांची.”

“असंल म्हंजी?” सुभेदार हसत म्हणाले. “मामासाब, पलटणीत ‘असंल’वर गोळी चालवत न्हाईत. मास्तर, तुमच्या भावकीत जाऊन या. साफ बात कळू द्या, मग तारीख धरू.”

मी आडनाव वडिलांचेच लावत होतो. पण त्या आडनावाची घरे साऱ्या मुलखात पसरलेली, आणि गावोगावी देवके निराळी. विचारायचे तर चुलत्यांनाच विचारायला हवे होते. मामा आले नाहीत. मी एकटाच सातारा रोड स्टेशनवर गाडी धरली आणि भिलवडीला उतरून विचारत विचारत नदीच्या बाजूने चालत निघालो. कुठे तरी गुऱ्हाळ सुरू होते. वाऱ्यावर काकवीचा वास येत होता.

गावात शिरताच मला माझी चूक कळली. अंगात कोट, डोक्यावर काळी टोपी, हातात छत्री. त्या दिवसांत त्या भागातली तरुण मुले भूमिगत झालेली. असा पोशाख करून कुणी गावात आला की तो पोलिसांचा माणूस असे लोक धरून चालत. पारावर चारदोन जण बसले होते. मी चुलत्यांचे नाव सांगून त्यांचे घर विचारले.

“त्या नावाचं घर न्हाई हितं,” एक जण म्हणाला.

“परंतु मला निश्चित सांगण्यात आले आहे की ते याच गावी वास्तव्यास असतात.”

“ऐकलं का रं? पाव्हणं पुस्तकातनं बोलत्यात!”

सगळे हसले. दुसऱ्याने शांतपणे विचारले, “काम काय काढलंसा?”

 वडील इथले, असे म्हणायला हवे होते. ते शब्द आयुष्यात कधी उच्चारले नव्हते, म्हणून ते आले नाहीत. जे आले ते असे: “माझे लग्न ठरते आहे. आमच्या घराण्याचे देवक विचारायला आलो आहे.”

पारावर मघापेक्षा मोठा हशा उठला. “गड्या, पोलिसाचं मानूस देवक कशाला इचारंल!” म्हणत एक जण पारावरून खाली उतरला आणि माझी छत्री स्वतःच हातात घेऊन, माझे गाव आणि नोकरी विचारत, पुढे चालू लागला. घराच्या अंगणात पाऊल टाकताच त्याने आरोळी दिली, “काकू, तुमच्या घरचा मास्तर आलाय बघा साताऱ्यासनं! लगीन हाय म्हनं, देवक इचाराय आलाय!”

अशा रीतीने, मी कोण हे चुलतीला कळण्याआधी मी कशासाठी आलो हे कळले.

ती सुपात शेंगा पाखडत होती. मी वडिलांचे नाव सांगितले. तिने सूप खाली ठेवले आणि माझ्याकडे इतका वेळ पाहिले की मी नजर वळवली. “तिचं लेकरू जगलं व्हय?” ती म्हणाली. मला विचारले की स्वतःला, कळले नाही. मग जवळ येऊन तिने माझ्या दोन्ही कानशिलांवरून हात फिरवला. “ह्या हातांनी तुला न्हाऊ घातलंय रं. लय रडायचास. न्हानीतनं आरडायला लागलास की शेजारीन पळत यायची.”

लहानपणी मी रडत असे, हे त्या दिवशी मला प्रथम कळले. मामांच्या घरी तसे कुणी बोलले नव्हते, आणि तिथे मी रडलो असेन असेही वाटत नाही.

चुलते शेतातून आले. ते फारसे बोलत नव्हते, माझ्यासारखेच. पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवून ते समोर बसले. जेवताना हळूहळू, एकेक वाक्य करत, जे कळले ते असे. वडील पलटणीत असताना नागपंचमीला मामा आले आणि आईला आणि तिच्या कडेवरच्या मला घेऊन तिच्या माहेरी गेले. पंचमी झाली. इथे सारे वाट पाहत राहिले.

“पण तुम्ही तिला न्यायला कुणाला पाठवले नाही?” मी विचारले. मामांच्या एका वाक्याचा अर्थ मला पहिल्यांदाच लागत होता.

चुलत्यांनी नवलाने वर पाहिले. “आमी कसं जायाचं? नेनाऱ्यानंच आनून सोडायचं, ही आमची रीत हाय. भाऊ घिऊन गेला, भाऊ आनंल. न्हाई आनली, तवा आमाला वाटलं, पोरीला नांदाय धाडायची न्हाई त्यांला.”

साताऱ्याकडे आमच्यात याच्या उलट चालते. मुलगी माहेरी आली की तिला न्यायला सासरचे माणूस यायचे. तो सासरच्यांनी राखलेला मान. न्यायला कुणी आले नाही म्हणजे मुलीला टाकली. मामा एका टोकाला वाट पाहत होते आणि हे दुसऱ्या. मधे वडील गेल्याची तार इथे आली. चुलत्यांनी साताऱ्याच्या वाटेने जाणाऱ्या गाडीवानाजवळ सांगावा दिला. सुतकात तरी भाऊ तिला घेऊन येईल असे त्यांना वाटले. दुखवटा सांगायलासुद्धा घरचे माणूस आले नाही, म्हणून मामा आणखी कडवट झाले असणार. मग मानमोडी आली. कुणा वाटसरूने इथे सांगितले की मायलेकरे दोन्ही गेली. ह्यांनी दोघांच्याही नावाने सुतकाची अंघोळ केली.

“देवकासाठी आलास,” चुलती माझ्या ताटात आमटी वाढत म्हणाली. “नायतर आला नसतास न्हवं?”

मी आमटीत भाकरी कुस्करू लागलो. 

जेवणानंतर चुलते मला शेतावर घेऊन गेले. बांधावर एक जुने झाड होते, रुंद पानांचे, सरळ खोडाचे. शेजारच्या बांधांवरची झाडे तोडलेली दिसत होती. याच्या फांदीला विळा लागलेला नव्हता. चुलत्यांनी पायातली वहाण काढली आणि खोडाला हात लावला.

“हे आपलं देवक. कळंब. ह्याचं लाकूड आपन चुलीत घालत न्हाई. लगीन असंल तवा तेवढी डहाळी काढायची.”

मीही वहाण काढली. उंब्रजच्या ओसरीवरचा, ‘आमचं देवक कळंब’ म्हणणारा सुभेदारांचा आवाज माझ्या कानात होता, आणि चुलते पुढे बोलत होते: लग्नाला ते स्वतः येणार, कुऱ्हाडीला डहाळी बांधून देवक स्वतः आणणार, आईबापाच्या जागी ते आणि चुलती बसणार. “थोरल्याच्या लेकाचं हाय,” ते म्हणाले. “आमाला पोरबाळ न्हाई. देवक आनायचा योग न्हवता, आता आला.” इतके सलग बोलताना ते दमले. मी मान हलवत राहिलो. त्यांच्या आनंदात मधेच थांबवून सांगण्यासारखे शब्द माझ्याजवळ नव्हते.

साताऱ्याला परतल्यावर मी मामांना वखारीतच गाठले. देवकाचे सांगितले. मामा म्हणाले, “पंचपालवी म्हनून सांग. कोन बघाय जातंय एवढ्या लांब?” आणि थोड्या वेळाने, “पोरगी चांगली हाय. तुझं वय बघ.”

ते खोटे नव्हते. मीही रात्रभर गाडीत तोच हिशेब केला होता. पंचपालवी म्हणायचे, तर चुलत्यांना लग्नाला बोलावता येणार नव्हते. त्या घराची वाट पुन्हा धरता येणार नव्हती. कळंब म्हणायचे, तर ती मुलगी दुसऱ्याच्या घरी जाणार होती. मग मी मामांना पंचमीची गोष्ट सांगितली. त्यांची रीत कोणती ते सांगितले. मामांनी हातातला वजनाचा दगड तागडीत ठेवला आणि पुन्हा उचलला.

“तशी रीत हाय व्हय त्यांच्यात?”

“हो.”

“ती म्हनायची.” मामा माझ्याकडे न पाहता बोलले. “‘आबा, तूच नेऊन सोड की मला.’ दोन-तीनदा म्हनली. मी म्हनलो, गप बस. बोलावल्याबिगर जायाचं न्हाई.”

गिऱ्हाईक आले. मामा तागडीकडे वळले. आईचे म्हणून माझ्याजवळ आज एवढेच एक वाक्य आहे. त्यानंतर पंचपालवी हा शब्द माझ्या तोंडून निघणे शक्य नव्हते.

पुढच्या रविवारी उंब्रजला गेलो. लढाईमुळे पेट्रोल नव्हते. कोळशाच्या गॅसवरची मोटार प्रत्येक चढावर थांबत होती, आणि ती प्रत्येक वेळी पुन्हा सुरू होई तेव्हा मला वाईट वाटे. सुभेदार ओसरीवरच होते. मी उभ्यानेच सांगितले, “आमचेही कळंब आहे.”

 त्यांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मास्तर, दडवलं असतं तरी आमाला कळलं नसतं.” आणि आत तोंड करून मोठ्याने म्हणाले, “अगं ए, ताट वाढा. पाव्हणं न्हवं, आपलं भाऊबंद निघालं!”

घरात हालचाल झाली, थोडी कुजबुज झाली, आणि मग सारे घर मोकळे झाले. मागच्या वेळी दाराआड राहिलेल्या बायका सरळ ओसरीवर आल्या. भावजय म्हणाली, “आवं भावजी, आता तरी बोला की, आता कशाला लाजायचं?” भाकरी घेऊन ती मुलगी आली. पदर खांद्यावरच होता. आता मी मान वर करून पाहिले, कारण आता पाहायला हरकत नव्हती. तिच्या हनुवटीवर गोंदणाचा एक ठिपका होता. मागच्या वेळी मला तो दिसला नव्हता.

“दादा, अजून अर्धी घ्या,” ती म्हणाली. माझ्याशी ती बोलली ते एवढेच.

घेतली. सुभेदार चुलत्यांची चौकशी करत होते. कुठले गाव, किती एकर, नदीकाठ की माळ. उन्हाळ्यात हिच्या लग्नाला त्यांनाही घेऊन या, असे त्यांनी बजावले. मी हो म्हटले. ताटातले सारे संपवले, कारण त्या घरात उष्टे टाकलेले चालत नसे, आणि हात धुऊन मोटार केव्हा आहे ते विचारले.