ब्रश धुवायची जागा

गल्लीत त्यांना सगळे पोपडेकाका म्हणत. खरं आडनाव दुसरंच होतं, पण ते आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. काकांचा धंदा घरं रंगवण्याचा. भिंतीवर रंगाचा पोपडा सुटलेला दिसला की त्यांची बोटं आवरायची नाहीत. बँकेच्या रांगेत खांब सोलत उभे राहिले म्हणून शिपायाने हटकलं होतं. दवाखान्यात स्वतःचा ताप विसरून बाकाची कड नखाने साफ करत बसले होते. काकू म्हणायच्या, "यांना स्वर्गात घेतलं तर आधी दाराचा रंग खरवडतील, मग आत जातील." काकांना यात टोमणा कधी दिसलाच नाही. दाराचा रंग सुटला असेल तर खरवडायला नको का?

या स्वभावापायीच पुढचं सगळं रामायण घडलं.

काकूंच्या माहेरी उत्तरेकडच्या भिंतीवर हायड्रेंजियाचा एक जुना वेल होता. ऊन फारसं नसतानाही तो भिंतीला बारीक मुळांनी धरून थेट छपरापर्यंत गेलेला. दर वर्षी त्यावर ताटल्यांएवढी पांढरी फुलं यायची. काकूंच्या आईने तो तरुणपणी स्वतः लावला होता. वडील गेले, ते घर विकावं लागलं, आणि नवा मालक भिंत पाडणार हे कळल्यावर आईने त्याची एक फांदी मातीत दाबून मुळं धरवली आणि लेकीला दिली. म्हणाली, "घर गेलं ते गेलं. हा तेवढा तुझ्याकडे राहू दे. फुलला की मला बघायला बोलव." आई मग मुलाकडे राहायला गेली. काकूंनी वेल पुढच्या भिंतीशी लावला आणि त्याची अशी काही उस्तवार केली, की काकांना वाटायचं, एवढी तर आपल्याला टायफॉइड झाला तेव्हा आपलीही झाली नव्हती.

पुढे एका हिवाळ्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि काकू दोन आठवडे भावाकडे गेल्या. थंडीत रंग वाळत नाही, म्हणून काकांना काम नव्हतं. रिकामा रंगारी आणि घरात एकही पोपडा शिल्लक नाही. अशात त्यांची नजर वेलावर गेली. पानं झडून गेली होती आणि अंगठ्याएवढ्या खोडाची तपकिरी साल पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटून लोंबत होती.

"अरेरे," काका स्वतःशीच म्हणाले, "काय अवस्था झालीय याची!"

मग काय, रंग खरवडायचा पत्रा आला, पॉलिश पेपर आला. काकांनी खोड वरपासून खालपर्यंत खरवडलं, बारीक पेपरने घासून गुळगुळीत केलं आणि वर दाराच्या चौकटीला मारतात तसा जवसाच्या तेलाचा हात मारला. बायको आली की खूश होईल, या विचाराने ते स्वतःवरच इतके खूश झाले की खत आणायला नर्सरीत गेले आणि तिथे सगळं वर्णन करून सांगितलं.

नर्सरीवाल्याने कपाळाला हात लावला. "अहो, साल सुटणं हीच तर त्या वेलाची ओळख! तुम्ही पोटातली हिरवी सालसुद्धा काढली असणार. आता तो काही वाचत नाही."

काका खाली बसले. तिथेच, कुंड्यांच्या मध्ये.

त्यांना आठवत होता तो काकूंचा चेहरा. गाडीत मांडीवर फांदी घेऊन बसलेल्या काकूंचा. माहेर विकल्याच्या दिवशी त्या रडल्या नव्हत्या, कारण मांडीवर तो वेल होता.

नर्सरीवाल्याला दया आली. तसला वेल त्याच्याकडे नव्हता, पण त्याचा एक जपानी चुलतभाऊ होता. "उघड्या फांद्या बघून कोणालाही कळायचं नाही. पान आलं की कड जरा जाड दातांची दिसेल. तुमच्या वेलाची कड बारीक दातांची असणार. पण फूल आलं की मात्र भांडं फुटलं म्हणून समजा. तुमच्या वेलाच्या गुच्छात कडेच्या प्रत्येक फुलाला चार पाकळ्या, याच्या फुलाला एकच, जिभेसारखी."

"फुलायला किती दिवस लागतील?"

"दिवस? वर्षं म्हणा. सहा, सात, आठसुद्धा."

सात वर्षांत काय होईल ते कोणी पाहिलंय, असं म्हणून काकांनी चुलतभाऊ घरी आणला आणि जुन्या वेलाच्या जागी लावून टाकला. राहता राहिला तो मेलेला. कचऱ्याच्या गाडीत टाकायला ते तीनदा घेऊन गेले आणि तिन्ही वेळा परत आले. शेवटी खोड मुळाशी छाटून त्यांनी तो डिस्टेंपरच्या रिकाम्या बादलीत लावला आणि ती बादली परसातल्या शेडच्या मागे ठेवली. शेडमध्ये शिड्या नि रंगाचे डबे. टर्पेंटाइनच्या वासाने काकूंचं डोकं चढायचं, म्हणून त्या बाजूला त्या फिरकतही नसत.

काकू आल्या, वेल बघितला आणि म्हणाल्या, "बरा आहे हो, मला वाटलं तुम्ही पाणीच घालणार नाही." काका कसनुसं हसले.

उन्हाळ्याच्या तोंडावर पानं फुटली. काकूंनी एक पान बोटात धरून बघितलं. "आईकडची कड अशी जाड नव्हती."

"मातीचा फरक," काका म्हणाले.

"असेल."

"मातीच," काका पुन्हा म्हणाले, विनाकारण.

तेव्हापासून त्या घरात दोन माणसं एका वेलाकडे बघत होती. एक तो फुलावा म्हणून, आणि दुसरं तो फुलू नये म्हणून देव पाण्यात घालून. दर वर्षी हंगाम सरला की काकू आईला फोन करायच्या, "नाही गं, याही वर्षी नाही," आणि काकांच्या घशाखाली चहा नीट उतरायचा. मग त्याच चहाची त्यांना लाज वाटायची.

रोज सकाळी ते शेडच्या मागे जात. "ब्रश धुवून येतो," म्हणत. हातात ब्रश असे, पण पाणी सगळं बादलीत जाई. पहिलं वर्ष काही फुटलं नाही. तरी पाणी चालूच. मेलेल्याला पाणी घालतोय, वेड लागलंय मला, असं ते स्वतःला सांगत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जात. दुसऱ्या वर्षी मातीतून एक कोंब वर आला. काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि तो माणूस चक्क बादलीशी बोलला. काय बोलला ते त्याचं त्यालाच ठाऊक. पुढे मुळं बादलीचा तळ फोडून जमिनीत गेली आणि वेल शेडची मागची भिंत धरून वर चढायला लागला. दर हिवाळ्यात त्याच्या खोडाची साल सुटायची. काका दोन्ही हात खिशात घालून त्याच्यासमोर उभे राहायचे. आयुष्यात एवढा संयम त्यांनी दुसरीकडे कुठे पाळला नाही.

कितीदा तरी सांगून टाकावंसं वाटलं. पण दर वर्षी खोटं वर्षभराने जुनं व्हायचं, आणि जुनं खोटं काढायला नव्यापेक्षा जड जातं.

मग एका वर्षी पुढच्या वेलावर कळ्या आल्या.

काकू अंगणातूनच ओरडल्या. फोन झाला. आई आता फार थकली होती. भाऊ म्हणाला, "तिने तर आत्तापासूनच पिशवी भरून ठेवलीय. रविवारी आणतो." काकूंनी वेलासमोर वेताची खुर्ची मांडली, आई बसेल म्हणून, आणि खुर्चीवर उशी ठेवली.

शनिवारी सकाळी काका कात्री घेऊन शिडीवर चढले. कळ्याच कापून टाकायच्या, पाखरांनी खाल्ल्या म्हणून सांगायचं. वर जाऊन बघतात तर कडेची दोन फुलं उमललेली. पांढरी, सुंदर, आणि एकेकच पाकळी. शिडीखाली ती उशी ठेवलेली खुर्ची दिसत होती. काका खाली उतरले, कात्री जागेवर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले.

काकू कांदा चिरत होत्या. काकांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. पत्र्यापासून जपानी चुलतभावापर्यंत, तेलाचा हातसुद्धा सोडला नाही.

काकूंची सुरी थांबली. "म्हणजे आईचा वेल मेला."

"नाही."

"मग?"

"चल," काका म्हणाले. बऱ्याच वर्षांनी त्यांनी बायकोचा हात धरला आणि तिला शेडच्या मागे नेलं.

वेल छपराच्या पत्र्याला टेकला होता. फूल नव्हतं, पण पानं मऊ, हिरवीगार, बारीक दातांची. खाली फुटक्या बादलीचा काठ अजून मातीत दिसत होता. काकूंनी पानाची कड बोटाने चाचपली, मग खोडाची सुटलेली साल.

"तुम्ही रोज इथे यायचात ते याच्यासाठी?"

काकांनी मान डोलावली.

"मी समजत होते, इथे चोरून सिगारेट ओढता."

"काय? मग कधी बोलली का नाहीस?"

"म्हटलं, माणसाला एक तरी कोपरा स्वतःचा असावा," काकू म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू फुटलं. माहेर विकलं तेव्हाचं राहिलेलं रडूही बहुतेक त्यातच होतं. काका बाजूला उभे राहिले. त्यांनाही रडू येत होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

रविवारी आई आली. काकूंनी तिला पुढच्या वेलापाशी थांबू दिलं नाही. खुर्ची उचलली आणि आईला सरळ शेडच्या मागे नेलं. आईला आता नीट दिसत नव्हतं. तिने हात पुढे केला, खोड धरलं, सालीचा पापुद्रा बोटात आला तसा तिचा चेहरा उजळला. "हाच तो," ती म्हणाली. "फुललाय ना?"

काका पुढे झाले.

"नाही, आई. माझ्या हातून मरायला टेकला होता. फुलायचं राहिलं ते माझ्यामुळे."

आई खोडावरचा हात न काढता म्हणाली, "मग पुढच्या भिंतीवर पांढरं पांढरं दिसलं, ते काय?"

"तो यांचा वेल," काकू म्हणाल्या. "तुझा हा, आणि तो यांचा. दोन्ही आपलेच."

आई हसली. खुर्चीत बसून राहिली, जाताना म्हणाली, "जावईबापू, हा फुलला की मला बोलवा. मी येईन."

ती किती वर्षं येऊ शकेल, हे कोणी बोललं नाही. पण इतकी वर्षं वेल फुलू नये म्हणून देवाला साकडं घालणाऱ्या माणसाने त्या रात्री अगदी उलटं मागितलं, लवकर फुलू दे म्हणून, आणि आपलं तोंड बघून देव हसत असेल, असंही त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नेहमीप्रमाणे उठले. दाराशी काकू उभ्या होत्या. टर्पेंटाइनच्या वासामुळे नाकाला पदर लावलेला आणि दुसऱ्या हातात पाण्याची झारी.

"चला," त्या म्हणाल्या, "ब्रश धुवायला."