दिवाकरकाकांचा राजपुत्र

दिवाकरकाकांनी रेकॉर्ड लावली की सुधाकाकू आधी टेबलावरची काचेची भांडी उचलत. काका ताल धरत तो मुठीने. चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात श्रूजबरीच्या त्यांच्या घरी आम्ही पहिल्यांदा जेवायला गेलो, आणि रेकॉर्ड चालू असताना आमचे हे स्नो-टायर्सबद्दल काहीतरी बोलले. काकांनी उठून यांचा कोट काढला, दार उघडलं आणि तो सरळ बर्फात भिरकावला. मग परत येऊन म्हणाले, "जेवा, वरण निवतंय." आम्ही जेवलो.

काका मूळचे नागपूरचे, भूल देणारे डॉक्टर. वेड एकच, जुनं जर्मन संगीत, आणि त्यातही एक राजपुत्र. पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा तो पोरगा स्वतः व्हायोलिन वाजवी, कॉन्चेर्टो रची, परदेशातून संगीताच्या चोपड्या आणून दरबारातल्या वादकांना देई. त्यातल्याच एका ऑर्गनवादकाने त्याच्या रचना आपल्या वाद्यावर बसवल्या, आणि तो वादक पुढे जगभर गाजला. राजपुत्र मात्र लवकर गेला. "विशीच्या आत, मंगल, विशीच्या आत," म्हणत काका टेबलावर मूठ हाणत, आणि त्यांचे डोळे भरून येत. त्यांनी स्वतःचाही दरबार थाटला होता. कॉलेजातल्या वादक मुलांना बेसमेंटमध्ये बोलवत, वाजवून घेत, पुरणपोळ्या खाऊ घालत. कुणी चुकलं की खुर्चीला लाथ बसे. "वाजवणारे ढीगभर असतात, वाजवून घेणारा लागतो," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

एकुलता एक समीर त्याच बेसमेंटमध्ये वाढला. सूर घसरला की पाठीत गुद्दा. पण काय वाजवायचा पोरगा! काका चारचौघांत त्याला 'माझा राजपुत्र' म्हणत. तो डॉक्टर होणार, हे मात्र तो पाळण्यात असतानाच ठरलेलं होतं.

पुढच्या दसऱ्याला काकूंनी पाटावर पूजा मांडली. काकांचा स्टेथोस्कोप, गाडीची किल्ली, समीरचं व्हायोलिन, वर हळदकुंकू आणि शेवंतीची फुलं. पूजेतली वस्तू त्या दिवशी वापरायची नसते. संध्याकाळी आम्ही सगळे सोनं द्यायला जमलो. आपटा कुठून आणणार, मेपलची पानं दिली. तेवढ्यात समीरने पाटावरचं व्हायोलिन उचललं आणि स्वतः रचलेलं काहीतरी वाजवलं. माझ्या अंगावर काटा आला. काकांची मूठ उचललीच गेली नाही, ते नुसते बघत राहिले.

मग समीरने सांगितलं की त्याने डॉक्टरकीच्या तयारीचं प्री-मेड ड्रॉप केलंय, म्युझिकच करणार.

काकांनी व्हायोलिन हिसकावलं. "त्या राजपुत्राला पोटाची चिंता नव्हती. तू कोण लागून गेलास?" आणि फायरप्लेसच्या विटांवर ते आपटलं. कुंकू उडालं, लाकूड फुटलं. काकू मधे पडल्या तर त्यांना ढकललं. समीरने हात धरायला पाहिलं, तेव्हा हातात राहिलेला तुकडा काकांनी त्याच्या तोंडावर मारला. भुवई फुटली. फुलांवर रक्त पडलं, आणि आम्ही पाहुणे हातात पानं घेऊन तसेच उभे होतो.

"डॅड," समीर मराठीत म्हणाला, "तुम्हाला मेलेलेच आवडतात." आणि अंगावरच्या टीशर्टनिशी निघून गेला.

मला त्या माणसाचा असा संताप आला की कित्येक महिने मी त्या घराची पायरी चढले नाही. शेवटी काकूंसाठी जायला लागले. समीर घरी आला नाही. काका हॉस्पिटलात ड्युटीवर असताना आईला तेवढा फोन करी.

आमचं पार पश्चिम किनाऱ्यावर, फ्रीमाँटला मूव्ह व्हायचं ठरलं, तेव्हा निरोप घ्यायला गेलो. काकांनी त्या राजपुत्राचीच रेकॉर्ड लावली. काकूंनी टेबलावरचे ग्लास उचलले नाहीत. काकांचे दोन्ही हात मांडीवर पडून होते. निघताना त्यांनी स्वतः यांचा कोट आणला, यांच्या अंगात चढवला, आणि खांद्यावरचा हात काढायला विसरले.

"त्या राजपुत्राचं एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "त्याचा बाप तो लहान असतानाच वारला होता. म्हणून एवढं तरी लिहून झालं पोराचं."